स्प्रिंग आणि शॉकअप : एका जुन्या गाडीच्या निमित्ताने

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढले की साटी चढते, चाक खाली आपटले की साटी आपटते, आणि गाडीवानाच्या मणक्याला त्याची वर्दी तिथल्या तिथे पोचते. पण बैलाची चाल ती केवढी! तासाला तीनचार किलोमीटर. तेवढ्या वेगात दणका सोसवतो. तोच दगड तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने चाकाखाली आला तर? माणूस सोसेल न सोसेल, चाकच जमीन सोडून उडेल. आणि ज्या क्षणी चाक जमिनीवर नाही, त्या क्षणी त्या चाकाचा ब्रेकही नाही आणि वळणही नाही. आज मला जे सांगायचे आहे त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो. त्याने तिथे एक जुनी जपानी स्पोर्ट्‌स गाडी घेतली, डॅटसन २४०झेड, १९७२ सालची. ही गाडी निस्सान कंपनीने १९६९ साली बाहेर काढली. जपानात तिला फेअरलेडी झेड म्हणत. दोन माणसे बसतील एवढी जागा, लांबलचक नाक, त्याखाली सहा सिलिंडरांचे सुमारे २,४०० घनसेंटिमीटरचे इंजिन, आणि वजन हजार किलोच्या थोडे वर. पोराने हौसेने गाडी घेतली आणि मला फोन केला, "सर, गाडी बोटीसारखी हलते. शॉकअप गेलेत. कुठले घालू?"

आता तुम्ही म्हणाल, कॅलिफोर्नियातल्या जपानी गाडीशी आमचा काय संबंध? आहे, मंडळी. तुमच्या दारातल्या मोटारसायकलला, वडापच्या जीपला आणि गावात येणाऱ्या यष्टीला जे तत्त्व लागू, तेच या गाडीला. फक्त स्पोर्ट्‌स गाडीत चूक लवकर दिसते, म्हणून शिकायला ती बरी. शिक्षक मंडळींना तर यात वर्गात दाखवण्याजोगा एक पाठही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण म्हणतो, शॉकअप दणका गिळतो. खरे पाहता दणका आधी स्प्रिंग घेते. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते आणि त्या धक्क्यातली शक्ती स्वतःत साठवते. पण साठवलेले ती ठेवून घेत नाही, परत देते. गाडी वर उचलली जाते, मग खाली बसते, पुन्हा वर. झोक्याला एकदा ढकलले की तो जसा कितीतरी वेळ झुलत राहतो, तसेच हे. हे झुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलात दांड्याला लावलेला एक दट्ट्या. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. दट्ट्या हलला की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते, त्यात घर्षण होते आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते. म्हणजे स्प्रिंग साठवते आणि शॉकअप ती साठवण जाळून टाकतो. पदार्थविज्ञानात याला अवमंदन म्हणतात.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. गाडीचा भार स्प्रिंग पेलते, शॉकअप पेलत नाही. गाडी एका बाजूला बसली, नाक खाली गेले, तर बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचा किंवा पाट्यांचा असतो. अशा वेळी नुसते शॉकअप बदलून गाडी उभी राहणार नाही. पुष्कळांचे पैसे इथेच वाया जातात.

मग स्ट्रट म्हणजे काय? साधा शॉकअप हा स्प्रिंगच्या शेजारी काम करणारा मदतनीस. तो काढला तरी चाक जागेवर राहते. स्ट्रट हा मात्र घरातल्या खांबासारखा. त्याच्या अंगावर स्प्रिंग बसवलेली असते, खालच्या टोकाला चाक जोडलेले असते, आणि पुढच्या बाजूला असेल तर स्टिअरिंग वळवताना तो सबंध खांबच स्वतःभोवती फिरतो. त्याच्या पोटात शॉकअप असतो. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ही रचना पुढे आणली, आणि १९५० साली फोर्ड कंपनीच्या इंग्लंडातल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून ती लोकांसमोर आली. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हाच स्ट्रट होता. आमच्या २४०झेडला तो पुढेही आहे आणि मागेही.

या गाडीतली एक सोय सांगतो. तिच्या स्ट्रटची बाहेरची नळी म्हणजे एक जाड पोलादी डबाच. मूळच्या गाडीत तेल, दट्ट्या, झडपा सगळे त्या डब्यात सुटे भरलेले असे. ते झिजले की सबंध खांब टाकून द्यावा लागत नाही. वरची मोठी आट्यांची टोपी उघडायची, जुने सामान आणि तेल काढून टाकायचे, आणि आत एक बंद तयार नळकांडे बसवायचे. त्याला तिथे कार्ट्रिज म्हणतात. टॉर्चमध्ये सेल घालावा तसे. मात्र नळकांडे मापाचेच हवे. पुढचे आणि मागचे वेगळे असते, आणि दिसायला त्याच घराण्यातली पुढची २८०झेड घेतली तर तिच्या नळीचा व्यास मोठा असतो. नळकांडे आखूड पडले तर खाली योग्य उंचीचा तुकडा घालून ते टोपीखाली घट्ट बसवावे लागते, नाहीतर ते आतल्या आत खडखडते. बसवताना नळीत थोडे तेल घालतात. ते वंगणासाठी नव्हे. नळकांड्याची उष्णता बाहेरच्या नळीला पोचावी म्हणून ते असते. मधे नुसती हवा राहिली तर उष्णता कोंडते.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता, कुठले घालू? मी शिकवणारा माणूस, मी त्याला सूत्र सांगितले. स्प्रिंग जेवढी ताठ, तेवढे अवमंदन जास्त लागते, पण सरळ प्रमाणात नव्हे, वर्गमुळाच्या प्रमाणात. स्प्रिंग मूळच्या १.४४ पट ताठ केली तर शॉकअप १.२ पट कडक हवा. स्प्रिंग दुप्पट केली तर सुमारे १.४ पट. सूत्र बरोबर होते. पण गाडी कशासाठी वापरणार, हे मी त्याला विचारलेच नाही. पुढे जे झाले त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे सांगतो.

तिथल्या एका दुकानदाराने त्याला शर्यतीच्या मैदानाचे सामान सुचवले. स्प्रिंगा जवळजवळ दुप्पट ताठ आणि आखूड, म्हणजे गाडी खाली बसून दिसायला रुबाबदार होते. शॉकअप तर दुकानातले सर्वात कडक. पोराने सगळे बसवले. गुळगुळीत रस्त्यावर गाडी छान चालली. पण कॅलिफोर्नियात पुष्कळ मोठे रस्ते काँक्रीटचे आहेत आणि त्यात ठराविक अंतरावर सांधे असतात. प्रत्येक सांध्याला गाडी ठणकन् उडे. हिवाळ्यात तिथे पाऊस पडतो. अशाच एका ओल्या सकाळी डोंगरातल्या वळणावर रस्ता जरा उंचसखल होता, मागची चाके क्षणभर उडाली आणि गाडी आडवी झाली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. त्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता.

कडक सामान घालूनही गाडी का घसरली? शॉकअप फार ढिला असेल तर गाडी झुलत राहते, हे आपल्याला कळते. पण तो फार कडक असेल तर काय होते हे लवकर ध्यानात येत नाही. चाक खड्ड्यात उतरायला हवे, पण कडक दट्ट्या त्याला उतरू देत नाही, आणि चाक अधांतरी राहते. उंचवट्यावर ते झटकन वर सरकायला हवे, तेही जमत नाही, म्हणून सबंध गाडीच उचलली जाते. लागोपाठ उंचवटे आले तर एका दणक्यातून चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरा दणका येतो, आणि गाडी हळूहळू खालीखाली बसत जाते. त्यात स्प्रिंगा आखूड. म्हणजे दबायला जागाच थोडी. ती संपली की आतल्या रबरी ठोकळ्यावर दांडा आदळतो, आणि त्या घडीला गाडीला स्प्रिंग नसल्यासारखेच होते. म्हणजे लाखमोलाची गाडी आपली बैलगाडी झाली, आणि तीही साठच्या वेगात!

अंकांत सांगायचे तर साध्या प्रवासी गाडीचे अंग सेकंदाला सुमारे एक ते दीड वेळा खालीवर होते. आपल्या चालण्याच्या लयीजवळची ही लय असल्यामुळे ती अंगाला मानवते. चाक मात्र स्वतः हलके असते आणि त्याची लय सेकंदाला दहापंधरा वेळा एवढी जलद असते. एकाच शॉकअपला या दोन्ही लयी सांभाळायच्या असतात. अंग आवरण्यासाठी तो कडक हवा, चाकाला मोकळीक देण्यासाठी नरम हवा. हालचाल झुलू न देता कमीत कमी वेळात थांबवणारे जे अवमंदन, त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात. प्रवासी गाडीत त्याचा पाव ते तिसरा हिस्साच ठेवतात. तडजोड आहे ती, आणि गाडीच्या कामाप्रमाणे ती बदलते.

त्या उन्हाळ्यात पोराचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, मुलाकडे गेले. अण्णा यष्टीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, निवृत्त झाले आहेत. शाळा सातवीपर्यंत. पोराने त्यांना गाडीत बसवून एक फेरी मारली. अण्णा उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ही गाडी दणका खात न्हाई रं, माणसावर फेकती. तू हिला शर्यतीत पळवतोस का?"

"नाही अण्णा."

"मग काय करतोस?"

"आठवड्यातून दोनदा ऑफिसला जातो, रविवारी डोंगराकडे."

"मग शर्यतीचं सामान कशापायी घातलंस?"

जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो अण्णांनी विचारला. शॉकअप निवडताना पहिली पायरी हीच. गाडी रोज रस्त्यावर चालणार, अधूनमधून घाटात जोरात जाणार, की मैदानात शर्यत धावणार? मैदान सपाट असते, तिथे आरामाची पर्वा नसते. आपला रस्ता तसा नसतो.

दुसरी पायरी, आधी स्प्रिंग ठरवावी आणि मग तिला शोभेल असा शॉकअप. उलटे करू नये. रस्त्यावरच्या गाडीला मूळच्या जवळपासचीच स्प्रिंग बरी, आणि उंचीही मूळच्या जवळपास. स्ट्रटच्या गाडीला फार खाली बसवले तर खालच्या भुजांचा कोन बिघडतो आणि वळणावर गाडी उलट जास्त कलू पाहते. उंची कमी करायचीच असेल तर आखूड बांध्याचा शॉकअप घ्यावा, म्हणजे दांड्याला फिरायला जागा उरते.

तिसरी पायरी, शॉकअपचा प्रकार. मुख्य प्रकार दोन. एकात नळीत नळी असते. आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. हा स्वस्त, चालीला मऊ, आणि बाहेरून दगड लागून थोडा पोचा आला तरी चालत राहतो. दोष एवढाच की सतत मार बसला तर तेलात फेस होतो. फेसाळलेले तेल छिद्रातून सहज निसटते आणि पकड सुटते. कमी दाबाचा वायू भरल्याने हा दोष पुष्कळ कमी होतो. दुसऱ्या प्रकारात एकच नळी असते, आणि तेलापासून तरत्या दट्ट्याने वेगळा केलेला भारी दाबाचा नायट्रोजन असतो, वातावरणाच्या वीसपंचवीस पट दाबाचा. त्यात फेस होत नाही, उष्णता लवकर बाहेर जाते, काम नेमके होते. पण तो महाग, आणि उघड्यावर बसवला असेल तर नळीला पोचा आला की कामातून गेला. शिवाय काही शॉकअपांचा कडकपणा फिरवून कमीजास्त करता येतो. हॉलंडच्या कोनी कंपनीचे असे शॉकअप फार वर्षांपासून प्रसिद्ध आहेत. एकनळी प्रकारात जर्मनीच्या बिल्श्टाईनचे नाव आहे, आणि जपानी गाड्यांना जपानच्याच केवायबीचे शॉकअप पुष्कळ लोक घालतात. फिरवता येणारा घेतला तर सुरुवात सर्वात नरम ठेवणीपासून करावी, आणि गाडीचे झुलणे थांबेल एवढेच कडक करत जावे. अनेकजण बसवल्याबरोबर पुरता पिळून टाकतात.

नाव मोठे की छोटे हा विचार शेवटी करावा. आपल्या गाडीच्या सालाला, पुढच्या की मागच्या चाकाला, आणि आपण ठरवलेल्या स्प्रिंगला ते नळकांडे जुळते का, हे आधी पाहावे. जुन्या गाड्यांचे सामान कधीकधी वर्षानुवर्षे पेटीत पडून असते. पेटी कोरी दिसली तरी आतले रबर म्हातारे झालेले असू शकते. दांडा हाताने दाबून आणि ओढून पाहावा. सरकताना मधेच मोकळा हिसका बसता कामा नये, आणि सीलपाशी तेल दिसता कामा नये.

पण शॉकअप खरोखर गेला आहे हे ओळखायचे कसे? गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि किती वेळा हलते ते बघायचे, ही जुनी रीत. ती वाईट नाही, पण अगदी मेलेलाच शॉकअप तिने कळतो. नळीवर तेलाचा ओघळ आला असेल तर निकाल लागला. नुसता धुळकट ओलावा असेल तर घाई नको. टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी वाटीसारखे झिजले असेल तर चाक उड्या मारत होते असे समजा. ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जाते का बघा. अण्णांची रीत आणखी एक. ते म्हणतात, लांबच्या खराब रस्त्यावरून गाडी आली की वर्कशॉपात आम्ही प्रत्येक शॉकअपवर हात ठेवायचो. काम करणारा कोमट लागतो, मेलेला थंड. यात चमत्कार नाही. शक्ती उष्णतेत बदलते, हे जे मी फळ्यावर लिहितो, तेच अण्णा तळहाताने वाचत होते.

बसवण्याविषयी थोडे, पण महत्त्वाचे. स्ट्रटवरची स्प्रिंग गाडी उचललेली असतानाही दाबलेलीच असते. तिला आवळून धरणारे योग्य हत्यार न लावता वरचा मधला नट सोडला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. अशाने माणसे जायबंदी झाली आहेत, प्राणांनाही मुकली आहेत. हत्यार नसेल, सवय नसेल, तर हे काम घरी करू नये. वायूचा जुना शॉकअप उगाच भोक पाडून किंवा आगीत टाकून बघू नये. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, पुढचे दोन किंवा मागचे दोन. त्याच वेळी वरचे रबरी बैठकीचे तुकडे, बेअरिंग, रबरी ठोकळे आणि धुळीची टोपणे तपासावीत, कारण पुन्हा सगळे उघडण्याची मजुरी त्या रबरांपेक्षा जास्त पडते. या डॅटसनच्या मागच्या भुजेतली लांब पिन गंजून अशी बसते की भलेभले हात टेकतात, तिला उगाच छेडू नये. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते. आणि सर्व झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

पोराने शेवटी काय केले? शर्यतीचे सामान उतरवून विकले. मूळच्यापेक्षा साधारण सव्वापट ताठ स्प्रिंगा घेतल्या, उंची जवळजवळ मूळची ठेवली. सव्वाचे वर्गमूळ १.१२. म्हणजे अवमंदन फार वाढवायला नको. म्हणून कमी दाबाच्या वायूची, नळीत नळी असलेली साधी नळकांडी घेतली. ती आधीच्या सामानापेक्षा स्वस्त पडली. स्प्रिंग आवळायचे हत्यार भाड्याने आणले. अण्णा शेजारी स्टूल टाकून बसले होते, आणि हत्याराचे दोन्ही आकडे समोरासमोर नीट बसले आहेत अशी स्वतः खात्री केल्याशिवाय त्यांनी पोराला नटाला पाना लावू दिला नाही.

मग दोघे त्याच डोंगराच्या रस्त्याने जाऊन आले. परत आल्यावर अण्णांनी चारही चाकांमागे, गरम ब्रेकला हात लागणार नाही असा बेताने हात घातला. रात्री मला फोनवर म्हणाले, "सर, चारी सारख्याच कोमट आहेत." माझ्या सूत्राला एवढे चांगले प्रमाणपत्र आजवर मिळाले नव्हते.

शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एका स्प्रिंगला वजन टांगा, ओढून सोडा, आणि मुलांना दोलने मोजायला सांगा. मग वजनाच्या खाली पत्र्याची एक चकती बांधा, ती बादलीतल्या पाण्यात बुडेल अशी ठेवा आणि पुन्हा मोजा. नंतर पाण्याऐवजी तेल घ्या. झुलणे कसे कमी होत जाते ते पोरांना डोळ्यांनी दिसेल. चकती फार मोठी केली तर वजन जागेवर यायलाच किती वेळ लावते, हेही दाखवा. कडक म्हणजे चांगले नव्हे, हे तिथेच कळेल.

आणि इतरांनी एवढेच करावे. उद्या मोटारसायकलवरून खराब रस्त्याने तालुक्याला जाऊन आलात, की उतरल्यावर मागच्या दोन्ही शॉकअपवर हात ठेवून बघा. एक कोमट आणि एक थंड लागला, तर पुढच्या बाजारापर्यंत थांबू नका. मागे घरचे माणूस बसलेले असते.